पंधरा गाड्या, शंभर चौरस किलोमीटर : हेलसिंकीच्या कुत्सुप्लुसचं प्रकरण

फिनलंडच्या राजधानीत, हेलसिंकीत, ३१ डिसेंबर २०१५ रोजी कुत्सुप्लुस नावाची बससेवा बंद झाली. तिला ठरावीक मार्ग नव्हता, प्रवाशांनी फोनवर मागणी नोंदवली की त्यानुसार गाड्यांचा मार्ग ठरत असे. बंद झाली तेव्हा तिच्या ताफ्यात पंधरा मिनीबस होत्या. एवढ्याशा सेवेची एरवी शहराबाहेर कुणी दखलही घेतली नसती. पण मागणीनुसार धावणाऱ्या सार्वजनिक वाहतुकीचा विषय निघाला, की आजही तिचं नाव निघतं. तंत्रज्ञानाच्या बाजूचे लोक म्हणतात, ती काळाच्या पुढे होती. पैशाच्या बाजूचे म्हणतात, ती परवडत नव्हती. ही दोन्ही उत्तरं इतकी सोयीची आहेत की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. त्याच गाड्या, तेच सॉफ्टवेअर आणि तेच प्रवासी घेऊन ही सेवा वेगळ्या तऱ्हेने मांडता आली असती का? माझं उत्तर हो असं आहे. मात्र त्यासाठी आधी तिकीट बदलावं लागलं असतं.

आडवा प्रवास

हेलसिंकीचा मध्यवर्ती भाग समुद्रात घुसलेल्या द्वीपकल्पाच्या टोकाला आहे. उपनगरी रेल्वे, ट्राम आणि १९८२ पासूनची मेट्रो, सगळ्यांचा ओढा त्या टोकाकडे. उपनगरातून मध्यभागी यायचं तर सोय उत्तम. एका उपनगरातून बाजूच्या उपनगरात जायचं तर मात्र बरेचदा आधी मध्यभागाकडे या, गाडी बदला आणि पुन्हा बाहेर पडा. अशा आडव्या फेऱ्या पुष्कळ असतात, पण विखुरलेल्या असतात. एखाद्या रस्त्यावर त्या एकवटल्या की बस चालते. पूर्वेच्या इताकेस्कुसहून पश्चिमेकडे जाणारी ५५० क्रमांकाची आडवी बस चांगलीच भरून जात असे. बाकीच्या ठिकाणी माणसं आपापली मोटार काढत.

शहराची सार्वजनिक वाहतूक एचएसएल ही संस्था पाहते. हेलसिंकी, एस्पो, वांता आणि आसपासच्या नगरपालिकांनी मिळून चालवलेली ही संस्था २०१० साली अस्तित्वात आली. बहुतेक बस तिच्या मालकीच्या नसतात. मार्ग, वेळापत्रक आणि तिकीटदर ती ठरवते आणि प्रत्यक्ष गाड्या निविदा काढून ठेकेदारांकडून चालवून घेते. खर्चाचा साधारण निम्मा भाग तिकिटातून निघतो, उरलेला नगरपालिका आपल्या तिजोरीतून भरतात. म्हणजे इथे अनुदान हे काही पाप समजलं जात नाही. कुत्सुप्लुस बुडाली ती तोटा झाला म्हणून नव्हे, तोटा डोळ्यावर आला म्हणून, असं म्हणण्याला त्यामुळे आधार मिळतो.

या कल्पनेचा उगम विद्यापीठात होता. पुढे आल्तो विद्यापीठात विलीन झालेल्या तंत्रविद्यापीठात एका गणिती प्रश्नावर संशोधन सुरू झालं होतं: शेकडो लोक वेगवेगळ्या ठिकाणांहून वेगवेगळ्या ठिकाणी, ऐन वेळी सांगून जाणार असतील, तर मोजक्या गाड्यांमध्ये त्यांना कसं बसवायचं? त्या संशोधनातून आयेलो ही छोटी कंपनी निघाली. एचएसएलने गाड्यांची व्यवस्था केली. ऑक्टोबर २०१२ मध्ये मर्यादित लोकांसाठी चाचणी सुरू झाली आणि २०१३ च्या वसंतात सेवा सर्वांना खुली झाली. त्या वर्षाअखेर गाड्या पंधरा झाल्या. पुढे काही डझन आणि मग शंभरावर गाड्या नेण्याचा बेत होता.

एक मागणी, आतून

समजा, पश्चिमेच्या ओतानिएमी भागातल्या कुणाला सकाळी पासिला स्थानकाजवळ जायचं आहे. तो फोनवर सुरुवात आणि शेवट टाकतो. यंत्रणा त्याला दारात न्यायला येत नाही. जवळचा थांबा सुचवते, म्हणजे थोडं चालणं आलंच. त्यासोबत गाडी अमुक वेळी येईल, तमुक वेळेपर्यंत पोहोचवेल आणि भाडं इतकं, असा प्रस्ताव येतो. पसंत पडला तर आधीच भरून ठेवलेल्या रकमेतून भाडं वळतं होतं.

या दोन-चार क्षणांत मागे बरंच काही घडलेलं असतं. यंत्रणेने प्रत्येक गाडीच्या चालू मार्गात हा नवा चढणारा आणि उतरणारा थांबा कुठे घुसवता येईल हे तपासलेलं असतं. गाडीत आधीच बसलेल्या प्रत्येकाला पोहोचण्याची वेळ सांगितलेली असते, तो शब्द मोडून चालत नाही. त्यामुळे एखादी गाडी अगदी कोपऱ्यावर उभी असली तरी तिच्यातल्या बाईंना दहा मिनिटांत दुसऱ्या टोकाला पोहोचवायचं असेल, तर ती बाद. तीन किलोमीटरवरची रिकामी गाडी चालेल, पण तिला येईपर्यंतची धाव फुकट जाणार. चालकासमोरच्या पडद्यावर पुढचा थांबा दिसतो. संपूर्ण फेरीचा मार्ग त्याला सकाळी सांगताच येत नाही, कारण तो ठरलेलाच नसतो.

गंमत म्हणजे हा सगळा भाग, जो सर्वात कठीण वाटतो, तो नीट चालला. यंत्रणा कोसळली नाही, प्रवासी खूश होते आणि वापर वर्षागणिक वाढत होता. पुढे यशाची कथा ज्यांना लिहायची होती त्यांनी इथेच थांबून लिहिली.

खुर्च्या नव्हे, थांबे

भाडं होतं मूळ साडेतीन युरो, अधिक दर किलोमीटरला ४५ सेंट. पाच किलोमीटरच्या प्रवासाला ५.७५ युरो. साध्या बस तिकिटाच्या दुपटीच्या आसपास आणि टॅक्सीच्या निम्म्याहून कमी. बस आणि टॅक्सी यांच्या मधली जागा पकडायचा हा विचार कागदावर पटण्यासारखा आहे.

आता गाडीच्या बाजूने बघू. चालक, इंधन, देखभाल, ठेकेदाराचा नफा धरून गाडीचा तासाचा खर्च ५० युरो आहे असं उदाहरणापुरतं मानू. पाच किलोमीटरचे नऊ प्रवासी तासाला मिळाले तर ५१.७५ युरो येतात आणि हिशेब जेमतेम बसतो. वळशांसह प्रत्येक जण वीस मिनिटं गाडीत बसला, तर एका वेळी गाडीत सरासरी तीनच माणसं असतील. नऊ आसनांच्या गाडीत तीन माणसं! यात अवघड ते काय, असं कुणालाही वाटेल.

अवघड आहेत ते थांबे. नऊ प्रवासी म्हणजे नऊ चढणं आणि नऊ उतरणं, तासाला अठरा थांबे, दर तीन मिनिटं वीस सेकंदांनी एक. प्रत्येक थांब्याला मुख्य रस्ता सोडून आत वळणं, थोडं थांबणं, प्रवासी दिसला नाही तर शोधणं आणि परत रस्त्याला लागणं. एकेका थांब्याला दीड मिनिट जरी धरलं तरी साठातली सत्तावीस मिनिटं तिथेच गेली. उरलेल्या तेहतीस मिनिटांत सगळ्यांना दिलेल्या वेळेत पोहोचवायचं. ठरावीक मार्गाच्या बसला ही अडचण नसते, कारण तिच्या एका थांब्यावर सहा माणसं एकदम चढतात. या जातीच्या सेवांमध्ये तासाला एका गाडीमागे साधारणपणे दोन ते पाच प्रवासी भरतात ते यामुळे. मोठी गाडी घेतली म्हणून तो आकडा वाढत नाही. खुर्च्या रिकाम्याच असतात, वेळ संपलेला असतो.

यावर उतारा एकच: दोन-तीन प्रवाशांचे थांबे जुळले पाहिजेत. तेही एकाच वेळी, एकाच दिशेने. त्यासाठी लागते दाटी, एका चौरस किलोमीटरमागे पुरेशा गाड्या आणि पुरेशा मागण्या.

आणि इथे कुत्सुप्लुसचं क्षेत्र होतं सुमारे १०० चौरस किलोमीटर. पंधरा गाड्या त्यात सारख्या पसरल्या तर एकेकीच्या वाट्याला पावणेसात चौरस किलोमीटर येतात. गणित सांगतं की अशा वेळी सर्वात जवळची गाडी सरासरी सव्वा किलोमीटरवर असते. ते झालं सरळ रेषेत, रस्त्याने दीड-पावणेदोन किलोमीटर धरा. तीही रिकामी आणि योग्य दिशेला तोंड असलेली असली तर. शंभर गाड्या असत्या तर हेच सरळ अंतर अर्ध्या किलोमीटरवर आलं असतं. म्हणून प्रकल्पाच्या लोकांचं म्हणणं असं की चाचणी लहान होती, मोठी केली असती तर जमलं असतं.

विहीर पंधरा फूट खणून पाणी नाही म्हणणं सोपं असतं. पण पन्नास फुटांवर पाणी होतंच असं सांगणाराही तितकाच अंदाजपंचे बोलत असतो. शंभर गाड्यांनी जवळच्या गाडीचं अंतर नक्की कमी झालं असतं. त्या शंभर गाड्या भरतील इतक्या मागण्या त्या भाड्यात आल्या असत्या का, हे कोणत्याच सूत्रातून निघत नाही.

क्षेत्र लहान का केलं नाही

मला जास्त अस्वस्थ करणारा प्रश्न हा आहे. दाटी दोन मार्गांनी वाढते. गाड्या पंधराच्या शंभर करा, नाहीतर क्षेत्र शंभराचं पंधरा करा. जवळच्या गाडीचं अंतर दोन्हीकडे सारखंच घटतं. पहिल्याला कोट्यवधी युरो लागतात, दुसऱ्याला नकाशावर एक लहान रेघ.

पण त्या रेघेच्या आत कोण प्रवास करणार? पंधरा चौरस किलोमीटरच्या तुकड्यात लोकांचा सगळा प्रवास संपत नाही. घर आत असतं, नोकरी बाहेर. तुकड्यातली गाडी तेव्हाच उपयोगाची, जेव्हा ती रेल्वे किंवा मेट्रोच्या स्थानकावर नेऊन सोडते आणि पुढचा प्रवास त्याच तिकिटात होतो. कुत्सुप्लुसमध्ये नेमकं हेच नव्हतं. ती एचएसएलचीच सेवा, पण भाडं वेगळं, खातं वेगळं. मासिक पास खिशात असला तरी तो इथे चालत नसे. म्हणजे कुत्सुप्लुसने स्थानकापर्यंत यायचं तर पासाचे पैसे आधीच भरलेले असताना वर आणखी साडेतीन युरो आणि किलोमीटरचा दर. मग माणूस असा विचार करतो की भरायचेच आहेत, तर सरळ शेवटापर्यंतच का जाऊ नये?

तिकीट वेगळं म्हणून प्रवास लांबला, प्रवास लांबला म्हणून क्षेत्र मोठं ठेवावं लागलं, क्षेत्र मोठं म्हणून दाटी राहिली नाही आणि दाटी नाही म्हणून गाडीमागचा खर्च चढला. सगळी माळ तिकिटाला येऊन मिळते. एकत्रित तिकीट ही प्रवाशाला द्यायची जास्तीची सोय आहे, अशा थाटात बहुतेक अहवालांत तिचा उल्लेख शेवटी येतो. मागणीनुसार धावणाऱ्या गाडीच्या बाबतीत ती सोय नाही. तिच्यामुळेच सेवेचं क्षेत्र लहान ठेवणं शक्य होतं.

याला एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. कुत्सुप्लुसचा हेतूच आडवा प्रवास हा होता. गाड्यांना स्थानकाच्या खुंट्याला बांधलं की तो हेतू गेला. पुन्हा मध्यभागाकडे जाणाऱ्या रुळांवरच माणसं ओतायची झाली. शिवाय पास चालू दिला असता तर भाड्याचं उत्पन्न आणखी घटलं असतं आणि नेहमीच्या बसमधलेच प्रवासी उठून इकडे आले असते. हे खरंच झालं असतं, काही प्रमाणात. पासावर थोडी जास्तीची रक्कम घेऊन ते आटोक्यात ठेवता येतं, एवढंच माझं म्हणणं. आडव्या प्रवासाबद्दल मात्र मला वाटतं की विखुरलेली आडवी मागणी पंधरा गाड्यांनी पुरवायची हा बेतच आवाक्याबाहेरचा होता.

निर्णय

२०१५ पर्यंत परिस्थिती अशी झाली होती. फिनलंडची अर्थव्यवस्था २०१२ पासून सलग आक्रसत आली होती, नगरपालिका पैशाला कात्री लावत होत्या. कुत्सुप्लुसचा वर्षाचा खर्च सुमारे ३० लाख युरो, एचएसएलच्या एकूण खर्चाच्या एक टक्क्याहूनही कमी. पण विस्तारासाठी त्याच्या कित्येक पट रक्कम अनेक वर्षं लागणार होती आणि त्या वाटेच्या शेवटी काय आहे हे कुणी खात्रीने सांगू शकत नव्हतं. विस्तार नाकारला गेला. विस्तार नसेल तर पंधरा गाड्या तशाच चालवत राहण्यात अर्थ नाही, हेही ओघाने आलं.

नगरसेवकासमोर येणारा आकडा असतो एका फेरीमागच्या अनुदानाचा. कुत्सुप्लुसचा तो आकडा वेगळा काढता येत होता, कारण तिचं खातंच वेगळं होतं. रात्री अकराला दोन प्रवासी घेऊन उपनगरात जाणाऱ्या मोठ्या बसमध्ये दर माणशी किती अनुदान जातं, हे कुणी विचारत नाही. सकाळच्या भरलेल्या फेऱ्यांच्या सरासरीत ते झाकलं जातं. ज्या रात्रीच्या बसची जागा लहान मागणीसेवेने घेतली असती, तिच्याशी तुलना केली असती तर चित्र निराळं दिसलं असतं. तुलना झाली ती पूर्ण जाळ्याच्या सरासरीशी. चाचणीचा खर्च सर्वात महाग टप्प्यावर मोजायचा आणि स्वस्त होण्याआधी त्यावर निकाल द्यायचा, हे नव्या सेवांच्या वाट्याला नेहमीच येतं. इथे ते जरा जास्तच उघड होतं.

तेच शहर, उलटा प्रयोग

पुढची गोष्ट याच शहरात घडली म्हणून तिला महत्त्व. मास ग्लोबल या कंपनीने २०१६ मध्ये हेलसिंकीत व्हिम नावाचं ॲप आणलं. कुत्सुप्लुसकडे गाड्या होत्या, एक तिकीट नव्हतं. व्हिमकडे एक तिकीट होतं आणि स्वतःची एकही गाडी नव्हती. बस, ट्राम, टॅक्सी, भाड्याची मोटार, सगळं एका पडद्यावर आणि एका मासिक वर्गणीत. ४९ युरोचा एक बेत, ४९९ युरोचा दुसरा, त्यात जवळजवळ सगळंच. मोटार बाळगण्याचा खर्च जोडून बघितला तर ४९९ फार नाहीत, असा त्यामागचा तर्क होता.

कायदाही बाजूने होता. जुलै २०१८ पासून लागू झालेल्या फिनलंडच्या वाहतूक सेवा कायद्याने वाहतूकदारांवर आपली माहिती आणि तिकीटविक्रीचं दार इतरांना उघडं करण्याचं बंधन घातलं. इतकं अनुकूल वातावरण फार थोड्या देशांत होतं.

तरीही २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. सार्वजनिक तिकीट मुळात अनुदानित, म्हणजे खर्चापेक्षा कमी किमतीला विकलेलं. त्यावर मधल्या विक्रेत्याला अडत कुठून मिळणार? टॅक्सीत अडत मिळते, पण वर्गणीदार टॅक्सी जितकी जास्त वापरेल तितका वर्गणीतला तोटा वाढतो. दार उघडायला कायदा लावता येतो. दारातून येणाऱ्याला काही वाटा सोडायला लावणं ही निराळी गोष्ट, आणि ते कुणी केलं नाही.

कॅनडातल्या इनिसफिल या लहान गावाने तिसरी वाट धरली. बसमार्गच सुरू न करता २०१७ पासून उबरच्या भाड्यात गावाने भर घालायला सुरुवात केली. लोकांना ते आवडलं आणि तिथेच अडचण झाली. भरलेल्या बसमध्ये आणखी एक प्रवासी चढला तर खर्च वाढत नाही. इथे प्रत्येक जास्तीची फेरी म्हणजे जास्तीचं बिल. २०१९ मध्ये गावाने भाडं एका डॉलरने वाढवलं आणि महिन्याला तीस फेऱ्यांची मर्यादा घातली. लोकप्रिय झाली म्हणून आखडावी लागणारी सार्वजनिक सेवा, हा प्रकार या क्षेत्राबाहेर क्वचितच दिसेल.

त्यानंतर

कुत्सुप्लुसनंतर एचएसएलने विषय सोडून दिला नाही. २०१७ मध्ये मेट्रो पश्चिमेला एस्पोत पोहोचली आणि २०१९ मध्ये तिथे एका खासगी यंत्रणेच्या मदतीने मागणीसेवेची मर्यादित चाचणी झाली. क्षेत्र आधीच्या मानाने लहान होतं आणि मेट्रो स्थानकं त्यात होती. त्याच वर्षी जर्मनीत हॅम्बर्गला मोइया या कंपनीची मागणीसेवा सुरू झाली तीच शंभर गाड्यांनी. पाठीशी फोक्सवागनसारखा उद्योग असल्याने दाटी येईपर्यंतचा तोटा सोसायची ताकद तिच्यात होती. एचएसएलच्या नगरपालिकांकडे तशी ताकद मागणं गैर आहे, हे मान्य करायला हवं.

आडव्या प्रवासाचं उत्तर शेवटी रुळांवर आलं. ५५० क्रमांकाच्या बसच्या जागी ऑक्टोबर २०२३ मध्ये १५ क्रमांकाची ट्राम सुरू झाली. सुमारे २५ किलोमीटरची ही वाट इताकेस्कुसहून ओतानिएमीमार्गे एस्पोतल्या केइलानिएमीला जाते. तिच्यात एचएसएलचा नेहमीचा पास चालतो. तिच्या थांब्यांपासून दीड-दोन किलोमीटर आत राहणाऱ्यांना ट्रामपर्यंत आणून सोडणारी लहान गाडी, त्याच पासावर, अजूनही करून बघण्यासारखी आहे. तिचा खर्च मात्र ट्रामच्याच खात्यात धरायला हवा.